श्वासासकट बासरी

बुद्धप्रियाच्या बासरीची पहिली सीडी पुण्याहून कुरिअरनं नांदेडला आली, तेव्हा सोनकांबळ्यांच्या घरात ती वाजवायला काहीच नव्हतं. जुना डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारवाल्याच्या गाड्यावरून गेला होता आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नव्हती. महामायाबाईंनी ते चकचकीत पाकीट आधी पदरानं पुसलं, मग उलटसुलट करून पाहिलं. वर लेकीचा फोटो, डोळे मिटलेले, ओठाला बासरी. खाली नाव, 'बुद्धप्रिया सोनकांबळे'. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्यांनी ते नाव मोठ्यानं वाचलं. मग हॉलमध्ये बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ती सीडी उभी करून ठेवली आणि चार पावलं मागं सरून पाहत राहिल्या.

आनंदराज भाजी घेऊन आले तेव्हा महामायाबाईंनी नवऱ्याला पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. "अहो, आली बघा. आता ही वाजवायची कशावर?"

"मोबाईलवर हाय की सगळं," आनंदराज म्हणाले. "प्रियानं लिंक पाठवली तेव्हा ऐकलं न्हाई का आपण?"

"ऐकलं. पण पोट भरलं नाही. मला या हॉलमध्ये बसून ऐकायचंय. पोरगी समोर सतरंजीवर बसून वाजवून राहिली, असं वाटलं पाहिजे."

महामायाबाईंनी उभ्या जन्मात स्वतःसाठी हट्ट असा केलाच नव्हता. सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी झाली, सासू-सासऱ्यांचं झालं, नणंदांची बाळंतपणं झाली. साडी घ्यायची झाली तरी "तुम्हीच आणा कुठली तरी" म्हणायच्या. त्यामुळं आनंदराजांना या मागणीचं नवल वाटलं आणि मनातून आनंदही झाला. ते वीज मंडळातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. सगळी हयात वॅट, व्होल्ट आणि फ्यूज यांतच गेलेली. हे काम आपलंच, असं समजून ते त्याच संध्याकाळी मोबाईल घेऊन बसले. आठवडाभरात त्यांना अॅम्प्लिफायर आणि सीडी प्लेअरबद्दल इतकं कळलं, की जेवताना भाकरी हातात धरून ते चॅनेल आणि वॅटबद्दल बोलायचे आणि पिठलं गार व्हायचं.

"जितका वॅट जास्त, तितका आवाज सुखात निघतो," ते सांगायचे. "लहान मोटारीला मोठा चढ लावला की ती जशी धापा टाकते, तसं असतं ते."

महामायाबाई मान डोलावून नुसत्या 'हाव' म्हणायच्या.

पहिल्यांदा ते नांदेडातल्याच एका मोठ्या दुकानात गेले. काचेच्या खोलीत पाच स्पीकर, कोपऱ्यात धमधम करणारा एक डबा आणि मधोमध सोफा. दुकानातल्या तरुणानं आधी कुठल्याशा सिनेमातली मारामारी लावून दाखवली. विमान डोक्यावरून गेलं, काचा मागच्या भिंतीत फुटल्या. आनंदराज खूश झाले. मग महामायाबाईंनी पर्समधून सीडी काढून दिली.

बासरी सुरू झाली ती चारी भिंतींतून. आवाज गोड होता, गोडच काय, साखरेचा पाक होता. एखाद्या मोठ्या लग्नाच्या मांडवात जेवणं चालू असताना लावतात तसा. महामायाबाई सोफ्याच्या कडेला बसून ऐकत राहिल्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"कसं वाटलं, मॅडम?"

"आवाज चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण ही आमची प्रिया नाही."

तो तरुण हसला. "मॅडम, सीडी तुमचीच लावलीय."

"ते दिसतंय मला. तरी पण नाही."

परत येताना गाडीत आनंदराज वैतागले होते. "अगं, काय कमी हाय ते सांग ना. जोर कमी हाय? बेस जास्त झाला? तुला काय पाहिजे ते तुलाच ठाऊक न्हाई, तर मी काय आणू?"

महामायाबाईंनी सीडी पाकिटात घालून पर्समध्ये ठेवली. काय कमी आहे ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. खोटं बोलून 'हाव, चांगलं हाय' म्हणायला मात्र या वेळी जीभ तयार नव्हती.

दोन दिवस आनंदराजांनी वॅटचं नावही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपण होऊन लातूरला मल्लिकार्जुन अप्पांना फोन लावला. आनंदराजांची उदगीरला बदली होती तेव्हाची ही ओळख. तेव्हा अप्पा किल्ल्याकडच्या रस्त्याला रेडिओ दुरुस्त करायचे. आता लातूरला त्यांचं गाणं ऐकायच्या यंत्रांचं दुकान होतं. "या की साहेब," अप्पा म्हणाले. "वहिनींना संगट आणा. ऐकल्याशिवाय घ्यायचं नसतं, आणि घाईत ऐकायचं नसतं."

रविवारी दोघं गाडीनं निघाले. लोहा मागं पडलं आणि माळेगाव आलं. यात्रेचे दिवस नव्हते. रिकाम्या माळावर चार शेळ्या चरत होत्या. पण महामायाबाईंना तो माळ कधी रिकामा दिसायचाच नाही. आनंदराजांची नोकरी लोह्याला होती, तेव्हा प्रिया सहा-सात वर्षांची होती आणि तिला दमा होता. थंडी पडली की पोरीची छाती भरायची. दिवसा वॉर्डात दुसऱ्यांची लेकरं सांभाळून घरी आलं, की महामायाबाई लेकीच्या पाठीला कान लावून बसायच्या. श्वास आत कसा जातो, बाहेर येताना कुठं अडतो, शिट्टी कुठं वाजते, हे सगळं त्यांच्या कानाला पाठ झालं होतं. पंप होता, औषधं होती, डॉक्टर चांगले होते. शेवटी आराम पडला तो औषधानंच, हे त्या सिस्टर असल्यामुळं कुणालाही ठणकावून सांगायच्या. पण डॉक्टरांनी एकदा 'पोरीला फुगे फुगवायला द्या, श्वासाचा सराव होईल' असं सांगितलं, आणि फुग्यांना ती दोन दिवसांत कंटाळली. त्याच वर्षी माळेगावच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजारापलीकडं, एक माणूस काठीला बासऱ्या टोचून उभा होता. प्रियानं बोट दाखवलं. आनंदराज म्हणाले, "हिला फुंकायला जमंल का?" महामायाबाई म्हणाल्या, "न जमू द्या. फुंकर तर मारंल."

पहिला महिना नुसती हवा निघाली. मग एक दिवस सूर निघाला आणि पोरगी दचकून आईकडं पाहायला लागली. पुढं नांदेडला बदली झाल्यावर शाळेतले संगीताचे मास्तर, गुरुपादप्पा, यांनी तिला हाताशी धरलं. पै-पाहुणे म्हणायचे, दम्याच्या पोरीला बासरी कशाला, शिवणकाम शिकवा. मास्तर म्हणायचे, "श्वास कमी हाय म्हणून ती तो जपून खर्च करते. बाकीची पोरं उधळतात."

"झोपलीस का?" आनंदराजांनी विचारलं.

"न्हाई हो. माळेगाव गेलं ना आत्ता."

"हाव," ते म्हणाले, आणि अहमदपूर मागं टाकून दोघं लातूरला पोचले.

अप्पांचं दुकान वरच्या मजल्यावर होतं. जाड पडदे, खाली सतरंजी, भिंतीशी आवाज घुमू नये म्हणून उभ्या केलेल्या पुरुषभर उंचीच्या फळ्या आणि समोर दोनच स्पीकर. अप्पांच्या कपाळावर विभूतीची बोटं, अंगात पांढरा सदरा, आवाज हळू. चहा झाल्याशिवाय त्यांनी यंत्रांचं नाव काढलं नाही. मग महामायाबाईंकडं वळून म्हणाले, "वहिनी, सोपं हाय बघा. सीडी प्लेअर तबकडीवरचं वाचतो. अॅम्प्लिफायर त्या वाचलेल्याला ताकद देतो. आणि स्पीकर बोलतो. आता ताकद देताना कुणी कुणी आपल्याकडचं तिखट-मीठ घालतो. काहींना ते आवडतं. तुम्हाला काय आवडतं, ते तुमच्या कानानं ठरवायचं. ऐकायचं काय आणलंय?"

महामायाबाईंनी सीडी पुढं केली. अप्पांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, फोटो पाहिला, नाव वाचलं. "म्हणजे उदगीरला साहेबांच्या खांद्यावर बसून दुकानात यायची, ती?"

"तीच," आनंदराज म्हणाले, आणि खुर्चीत जरा ताठ झाले.

पहिला अॅम्प्लिफायर आनंदराजांच्या मनातलाच निघाला. दोन माणसांनी उचलावा असा जड, पुढं निळे दिवे, हलणारे काटे, वॅट भरपूर. आवाज ऐटबाज होता. नांदेडच्या दुकानापेक्षा कितीतरी बरा. आनंदराजांनी भुवया उंचावून बायकोकडं पाहिलं. महामायाबाई म्हणाल्या, "दुसरा लावता का?"

दुसरा बारका, काळा, एकच गोल बटण असलेला. त्याचे वॅट ऐकून आनंदराजांनी मान हलवली. "एवढ्यात काय व्हायचं?"

अप्पांनी तीच तबकडी पुन्हा लावली. सुरुवातीला तानपुरा. मग तानपुऱ्याच्या मागून, पहिला सूर यायच्या आधी, आत ओढलेला एक श्वास आला. लहानसा, पूर्ण, कुठंही न अडलेला. त्यावर सूर उभा राहिला.

महामायाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून त्या ऐकत राहिल्या. दुसरा श्वास आला. तिसरा, लांब तानेच्या आधीचा, जरा खोल. त्यांना समोर सतरंजी दिसली, प्रियाची मांडी दिसली, श्वास घेताना ती डावा खांदा किंचित उचलते, तोही दिसला.

"हा," त्या म्हणाल्या. "हाच."

"एकदाच ऐकून?" आनंदराज म्हणाले. "असं नसतं. हा नंतर ऐकलास म्हणून आवडला असंल. शिवाय दोन्हींचा आवाज सारखा होता का? जरा मोठा वाजला की माणसाला तोच चांगला वाटतो. परीक्षा झाली पाहिजे."

"घ्या की परीक्षा," महामायाबाई म्हणाल्या.

अप्पांना ते फार आवडलं. आनंदराजांनी मोबाईलवर आवाज मोजायचं काढलं आणि वायरी बदलून बदलून दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घेतला. महामायाबाईंची खुर्ची भिंतीकडं तोंड करून फिरवली. मग ते अप्पांशी खाणाखुणा करून कधी हा जोडायचे, कधी तो. एकदा तर त्यांनी लबाडी करून वायर काढल्याचा नुसता आवाज केला आणि तोच पुन्हा लावला.

"मोठा," महामायाबाई भिंतीकडं पाहत म्हणायच्या. "बारका. बारका. हा बदललाच न्हाई तुम्ही, बारकाच हाय. मोठा."

एकदाही चुकल्या नाहीत. वायर हातात धरून आनंदराज मध्येच थांबले. अप्पा खुर्ची ओढून महामायाबाईंजवळ बसले. "वहिनी, मी या धंद्यात म्हातारा झालो. मलाबी फरक कळतो, पण इतका झटक्यात न्हाई. तुम्ही ऐकता काय?"

महामायाबाईंनी खुर्ची वळवली. नांदेडच्या दुकानापासून जे सांगता येत नव्हतं ते आता सोपं झालं होतं. "श्वास," त्या म्हणाल्या. "सुराच्या आधी पोरगी श्वास घेते, तो. या बारक्यात तो येतो. मोठ्यात कुठं तरी पुसला जातो. सूर तेवढा राहतो, छान छान. पण श्वासाशिवाय सूर म्हणजे कुणाचीबी बासरी. अप्पा, या पोरीचा श्वास मी हातानं मोजलाय. दम लागायचा तेव्हा पाठीला कान लावून बसलेय. आता बघा, एका श्वासात केवढी तान घेऊन राहिली. ती तान लोकांनी ऐकावी. मला श्वास ऐकू द्या."

अप्पांनी मान डोलावली. "या मोठ्यात आवाज गुळगुळीत करायची करामत असते. सिनेमाला, मोठ्या घोळक्याला तो चांगलाच हाय. तुमच्या कामाचा न्हाई."

आनंदराजांनी हातातली वायर खाली ठेवली. आठवडाभर पाठ केलेले वॅट त्यांना आठवले असतील, पण चेहऱ्यावर हार दिसत नव्हती. उलट, पोरीचा फोटो पेपरात आला होता त्या दिवशी दिसला होता तसा चेहरा होता. "अप्पा," ते म्हणाले, "दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावायच्या आधी हिला विचारायचे, सिस्टर, कसं वाटतं. मला लोक सांगायचे. आज मी डोळ्यांनी पाहिलं."

"पुरे आता," महामायाबाई म्हणाल्या, पण हसल्या.

मग सीडी प्लेअरची पाळी आली. अप्पांनी दोन समोर ठेवले, एक भारीतला, एक साधा. आनंदराजांना उत्साह चढला होता. खुर्ची पुन्हा भिंतीकडं वळली. महामायाबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मला काहीच फरक कळत न्हाई."

"नीट ऐक."

"नीटच ऐकते. दोन्हींत श्वास येतो, दोन्हींत सूर येतो. उगं कशाला सांगू कळतो म्हणून?"

आनंदराज म्हणाले, मला तर भारीतला जास्त मोकळा वाटतो. "मग बसा इकडं," म्हणत महामायाबाईंनी त्यांना भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि वायरी बदलायला अप्पांना खूण केली. आनंदराजांनी मोठ्या विश्वासानं सांगितलेलं जवळजवळ सगळं उलटं निघालं. अप्पांना हसू आवरेना. त्यांनी स्वतःहूनच साधा प्लेअर पुढं सरकवला. "याची बटणं मोठी हायेत, वहिनी, आणि तबकडीचा कप्पा सावकाश उघडतो. तुम्हाला एकटीला लावता येईल." महामायाबाईंनी तो कप्पा स्वतः उघडून, मिटून, पुन्हा उघडून पाहिला आणि तोच प्लेअर घेतला.

पुढच्या शनिवारी प्रिया पुण्याहून आली, तोपर्यंत हॉल बदलला होता. आनंदराजांनी मोजपट्टी लावून स्पीकर बसवले होते, भिंतीपासून किती लांब, एकमेकांपासून किती, सगळं. फळीवर दोन काळी यंत्रं, त्यावर महामायाबाईंनी विणलेला रुमाल होता. तो अप्पांनी फोनवर काढायला लावला, यंत्र तापतं म्हणून. संध्याकाळी शेजारचे रामकिशन आणि त्यांची बायको वर्षाराणी आले. लोह्याकडं त्यांची शेती, पण पोरांच्या शाळेसाठी नांदेडात घर बांधलेलं. महामायाबाईंच्या वॉर्डातल्या जुन्या मैत्रीण शिवकन्या सिस्टर आल्या. चिवडा आणि चहा झाला. कुणीतरी आनंदराजांना लावा म्हणालं. ते म्हणाले, "मला न्हाई, हिला सांगा. हे हिचं खातं हाय."

महामायाबाईंनी कप्पा उघडला, तबकडी ठेवली, बटण दाबलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या यंत्राकडं पाहत नव्हत्या, माणसांच्या चेहऱ्याकडं पाहत होत्या. रामकिशनभाऊ आधी चहाचा कप घेऊन बसले होते. पहिल्या तानेनंतर कप तसाच हातात राहिला. शिवकन्या सिस्टरनी डोळे मिटले. तबकडी संपली. मग वर्षाराणी म्हणाली, "काकू, ही आपली प्रियाच हाय ना हो?" आणि प्रिया समोरच बसलेली असूनही सगळ्यांनी तिच्याकडं पहिल्यांदाच पाहिल्यासारखं पाहिलं.

सगळे गेल्यावर प्रिया स्वयंपाकघरात आली. तिचा चेहरा जरा कसनुसा होता. "आई, सिस्टम फार छान आहे. पण यावर माझा श्वास किती ऐकू येतो गं. स्टुडिओतले म्हणाले होते, काढून टाकू का. घाईत राहून गेलं. चांगल्या वाजवणाऱ्यांचा असा ऐकू येत नाही. पुढच्या सीडीत मी काढायला लावणार आहे."

महामायाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "काढायला लावून तर बघ."

"आई, हे गाण्याच्या भाषेत..."

"मला गाण्याची भाषा येत न्हाई. श्वासाची येते. तो दोष असंल तर असू दे तुझ्या पुण्यात. या घरात तो दोष न्हाई. तू सात वर्षांची होतीस तेव्हा जिना चढताना मध्ये बसायचीस. आज रामकिशनभाऊंचा चहा गार झाला, तो कशानं? त्यांना ठाऊक न्हाई, मला हाय. लोक तुझ्या बोटांचं कौतुक करतील. करू देत. मी लातूरपर्यंत गेले ती तुझ्या छातीसाठी."

प्रिया ओट्याला टेकून उभी राहिली. बाहेर आनंदराज कुणाला तरी फोनवर वॅटपेक्षा काय महत्त्वाचं असतं ते समजावून सांगत होते. जोरात सांगत होते, कारण त्यांना ते नुकतंच कळलं होतं.

"तू मला कधी सांगितलं नाहीस," प्रिया म्हणाली.

"काय सांगायचं? तू वाजवत होतीस."

प्रियानं नाक पुसलं आणि आईच्या हाताला धरून तिला हॉलमध्ये आणलं. स्पीकरच्या बरोबर मधोमध, मोजपट्टीनं ठरवलेल्या जागी, तिला खुर्चीत बसवलं. स्वतः खाली सतरंजीवर, तिच्या पायाशी बसली. "लाव आता पुन्हा. मला दाखव कुठं कुठं घेतलाय ते."

महामायाबाईंनी आनंदराजांना हाक मारून फोन ठेवायला सांगितलं. मग उठून त्यांनी बटण दाबलं आणि परत येऊन लेकीच्या खांद्यावर हात ठेवून बसल्या. तानपुरा सुरू झाला. पहिल्या सुराच्या आधी त्यांचं बोट लेकीच्या खांद्यावर हलकंच टेकलं. "हा बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की आनंदराज दारातच थांबले.